सृष्टिकर्त्याची कैफियत : प्राचीन इजिप्तच्या साहित्यातील निर्माता देव

फारोने योसेफाच्या हाती राज्यकारभार सोपवला तेव्हा त्याचे लग्नही लावून दिले. वधूचे नाव आसनथ. ती ओन नगराचा याजक पोटीफरा याची कन्या होती (उत्पत्ती ४१:४५). हे वाक्य वाचून आपण बहुधा लगेच पुढे जातो, कारण आपल्याला सुकाळाच्या आणि दुष्काळाच्या सात-सात वर्षांची गोष्ट ऐकायची घाई असते. परंतु हे ओन नगर कोणते आणि तेथील याजक कोणाची उपासना करीत होता, असा प्रश्न क्षणभर थांबून विचारला, तर जगातील एका अतिप्राचीन धर्मचिंतनाचे दार आपल्यासमोर उघडते.

ओन म्हणजेच ग्रीकांचे हेलिओपोलिस, अर्थात 'सूर्यनगरी'. आजच्या कैरो शहरातील मतारिया या दाट वस्तीच्या भागाखाली ती गाडली गेली आहे. सेनुस्रेत पहिला या राजाने ख्रिस्तपूर्व विसाव्या शतकात उभारलेला सुमारे २० मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा एक स्तंभ तेवढा अजून तेथे उभा आहे. इजिप्तला आश्रयासाठी गेलेल्या पवित्र कुटुंबाने विसावा घेतला असे परंपरा सांगते, तो मरियेचा वृक्षही याच मतारियात दाखवला जातो. या नगरीचा देव होता आतुम, सूर्यदेव 'रे' याच्याशी एकरूप मानला गेलेला सृष्टीचा निर्माता.

इजिप्तच्या देवदेवतांविषयी लिहिताना सामान्यतः नावांची व वंशावळींची यादी दिली जाते. त्या यादीचा कंटाळा येतो, आणि तो येणे स्वाभाविकच आहे. प्रस्तुत लेखात आपण थोड्या वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. इजिप्तच्या साहित्यात निर्माता देव केवळ 'प्रारंभी काय घडले' एवढे सांगण्यापुरता येत नाही. लोक त्याला जाब विचारतात, त्याच्यावर ठपका ठेवतात, आणि तोही स्वतःच्या मुखाने आपली कैफियत मांडतो. देवाने जग निर्माण केले, तर मग जगात दुष्टपणा कोठून आला? हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी कोणा ना कोणाच्या मृत्यूनंतर, आजारपणात किंवा अन्याय सोसताना विचारलेला असतो. नाईलच्या काठी तो सुमारे चार हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवला गेला आहे.

प्रारंभीचे पाणी

या चिंतनाचे सर्वांत जुने साधन म्हणजे 'पिरॅमिड-मंत्र'. सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये, आतील दालनांच्या भिंतींवर, ख्रिस्तपूर्व २३५० च्या सुमारास ते प्रथम कोरले गेले. फ्रेंच अभ्यासक गास्तों मास्पेरो यांनी १८८०-८१ मध्ये असे पिरॅमिड उघडेपर्यंत त्यांचे अस्तित्व कोणाला ठाऊक नव्हते. मृत राजाला स्वर्गात पोहोचवण्यासाठी म्हणावयाचे हे मंत्र आहेत. त्यांत सृष्टीची कथा सलगपणे कोठेही सांगितलेली नाही. ती तुकड्यातुकड्यांनी, ओझरत्या उल्लेखांतून जुळवून घ्यावी लागते.

त्यानुसार प्रारंभी 'नून' होते, म्हणजे अंधाराने भरलेले अथांग, निश्चल पाणी. तेव्हा आकाश नव्हते, पृथ्वी नव्हती, माणसे नव्हती. मृत्यूही नव्हता आणि कलहही नव्हता. हा शेवटचा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कलह ही गोष्ट नंतर केव्हातरी सुरू झाली, ती मुळापासून नव्हती, याची जाणीव या अतिप्राचीन मंत्रांतच उमटली आहे.

त्या पाण्यातून आतुम स्वतःच्या बळावर उदयास आला आणि पहिल्या उंचवट्यावर उभा राहिला. नाईलकाठच्या शेतकऱ्याला हे दृश्य अपरिचित नव्हते. दर वर्षी पुराचे पाणी सारी शेते गिळून टाकी, आणि ते ओसरू लागले की काळ्याभोर गाळाचे उंचवटे हळूहळू वर डोकावू लागत. जगाचा आरंभ कसा झाला असेल याचे चित्र त्याला दर वर्षी आपल्या बांधावरून दिसत असे.

'आतुम' हे नावही मोठे अर्थपूर्ण आहे. ज्या धातूपासून ते आले त्याचे 'पूर्ण असणे' आणि 'नसणे' असे दोन्ही अर्थ होतात. जो पूर्ण आहे आणि ज्याच्या ठायी अजून काहीच प्रकट झालेले नाही, असा तो. त्याने आपल्या मुखातून शू आणि तेफ्नूत ही दोन अपत्ये बाहेर टाकली. ग्रंथांत याहून उघडावाघडा तपशीलही आहे, त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. शू म्हणजे वायू. पुढील काळातील एका मंत्रात शूला 'जीवन' व तेफ्नूतला 'मात' म्हटले आहे. मात म्हणजे सत्य, न्याय आणि सुव्यवस्था या तिन्ही गोष्टी एकत्र सांगणारा इजिप्ती शब्द. निर्मात्याची पहिली दोन अपत्ये जीवन आणि न्याय ही आहेत. आतुमने त्यांच्याभोवती आपले बाहू टाकले आणि स्वतःचे चैतन्य त्यांच्यात संक्रांत केले, असे पिरॅमिड-मंत्र सांगतात. पित्याच्या आलिंगनाची ही प्रतिमा, एवढ्या जुन्या व रुक्ष मंत्रसंग्रहात अवचित भेटते आणि मनाला स्पर्शून जाते.

पुढची वंशावळ थोडक्यात आटोपू. शू आणि तेफ्नूत यांच्यापासून पृथ्वी-देव गेब व आकाश-देवी नूत, आणि त्यांच्यापासून ओसिरिस, इसिस, सेत व नेफ्थिस. आतुम धरून हे नऊ देव झाले. इतर नगरांनी आपापल्या देवाला निर्मात्याचे स्थान दिले. दक्षिणेकडील एस्ना व एलिफंटाईन येथे मेंढ्याचे मस्तक असलेला ख्नूम कुंभाराच्या चाकावर माणसे घडवी. मेंफिस नगरीत कारागिरांचा देव प्ताह हा निर्माता ठरला.

या प्ताहविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. ब्रिटिश म्युझियममध्ये 'शबाकाचा शिलालेख' म्हणून ओळखली जाणारी काळ्या दगडाची एक मोठी शिळा आहे. ख्रिस्तपूर्व ७१० च्या सुमारास राज्य करणाऱ्या शबाका राजाने ती कोरवून घेतली. पूर्वजांचा हा ग्रंथ कसरीने खाल्लेला सापडला, म्हणून तो दगडावर उतरवून घेत आहोत, असे त्याने आरंभी नमूद केले आहे. दैव असे की पुढे कोणीतरी या शिळेचा जात्यासारखा उपयोग केला आणि मधला बराच मजकूर झिजून गेला. जो उरला आहे त्यात प्ताह प्रथम अंतःकरणात कल्पना करतो आणि मग जिव्हेने तिचा उच्चार करतो. त्याने नाव घेतले की वस्तू अस्तित्वात येते. जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी १९०१ मध्ये हा मजकूर अभ्यासून प्रसिद्ध केला, तेव्हा उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि योहानकृत शुभवर्तमानाची प्रस्तावना यांची आठवण अनेकांना झाली. साम्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र या ग्रंथाचा उद्देश मेंफिसच्या देवाला आतुमहून वरचढ ठरवणे हा होता, हेही विसरता कामा नये. शब्दाने सृष्टी निर्माण करणारा प्ताह शेवटी इतर देवांसाठी मंदिरे बांधून त्यांत मूर्ती बसवतो.

अश्रूंपासून माणूस

आदाम-हव्वेसारखी मानवाच्या निर्मितीची स्वतंत्र, विस्तृत कथा इजिप्तच्या साहित्यात आढळत नाही. हेलिओपोलिसच्या परंपरेत ती एका वाक्यात उरकली जाते. देव निर्मात्याच्या घामापासून झाले आणि माणसे त्याच्या डोळ्यांतील अश्रूंपासून. यामागे एक शब्दश्लेष आहे. इजिप्ती लिपीत स्वर लिहीत नसत. 'माणसे' आणि 'अश्रू' या दोन शब्दांची व्यंजने जवळजवळ सारखी आहेत. परंतु ही केवळ शब्दांची गंमत समजून सोडून देऊ नये. तेथील लेखक शब्दांच्या साम्यात वस्तूंचे नाते पाहत असत. निर्माता का रडला, हे बहुतेक ठिकाणी सांगितलेले नाही. जगात माणसाच्या वाट्याला जे रडणे येते, त्याचे मूळ त्याच्या उत्पत्तीतच आहे, एवढे मात्र त्यातून सूचित होते.

हे वाक्य ज्या मजकुरात येते तो आपल्या विषयाचा गाभा आहे. ख्रिस्तपूर्व २००० नंतरच्या दोन-अडीच शतकांत इजिप्तमधील श्रीमंत अधिकारी आपल्या लाकडी शवपेटिकांच्या आतील बाजूस मंत्र लिहवून घेऊ लागले. पूर्वी केवळ राजाला लाभणारे परलोकाचे मंत्र आता इतरांनाही उपलब्ध झाले. हेच 'शवपेटिका-मंत्र'. डच अभ्यासक आद्रियान द बुक यांनी १९३५ ते १९६१ या काळात सात खंडांत त्यांचे मूळ पाठ प्रसिद्ध केले. त्या गणनेतील ११३० वा मंत्र, जो प्रामुख्याने अल-बर्शा येथील शवपेटिकांवर आढळतो, हा निर्मात्याचे स्वगत भाषण आहे.

सूर्य-नौकेतील सोबत्यांमध्ये काही गोंधळ, काही अस्वस्थता माजली आहे. त्यांना शांत करण्यासाठी 'सर्वांचा स्वामी' बोलू लागतो. दुष्टाव्याचे तोंड बंद व्हावे म्हणून आपण केलेली चार सत्कृत्ये तो पुन्हा एकवार सांगतो. पहिले कृत्य असे की त्याने चार दिशांचे वारे निर्माण केले, जेणेकरून प्रत्येकाला आपल्या आयुष्यात श्वास घेता यावा. दुसरे, त्याने नाईलचा महापूर निर्माण केला, आणि तो अशा रीतीने की गरिबाचाही त्यावर मोठ्या माणसाइतकाच हक्क असावा. तिसरे, त्याने प्रत्येक माणूस त्याच्या सोबत्यासारखाच घडवला. त्यांनी दुष्कर्म करावे अशी त्याची आज्ञा कधीच नव्हती. त्यांच्या अंतःकरणांनी त्याचे म्हणणे मोडले. चौथे, त्याने त्यांच्या अंतःकरणांना पश्चिमेचा, म्हणजे मृत्यूचा, विसर पडू दिला नाही, यासाठी की त्यांनी देवांना अर्पणे वाहत राहावे.

ही भाषा न्यायालयातील आहे. आरोप काय होता ते मजकुरात स्पष्टपणे लिहिलेले नाही, पण उत्तरावरून तो सहज ओळखता येतो. जगात कोणी मोठा आणि कोणी लहान का, कोणी भरल्या पोटी आणि कोणी उपाशी का, आणि एक माणूस दुसऱ्याला का छळतो? निर्माता म्हणतो की वारा आणि पाणी मी सर्वांना सारखे दिले. माणसेही मी समान घडवली. विषमता आणि अन्याय ही माझी निर्मिती नव्हे.

हे विधान कोणत्या समाजात केले गेले याचा विचार केला म्हणजे आश्चर्य वाटते. राजा हा देवपुत्र मानला जाई, शेतकऱ्याला सक्तीच्या कामावर जुंपले जाई आणि कर थकला तर फटके खावे लागत, असा तो समाज होता. ज्यांच्या शवपेटीवर हा मजकूर सापडतो ते तर त्या उतरंडीच्या वरच्या पायरीवरचेच लोक होते. आपल्याला मिळालेले मोठेपण निर्मात्याच्या मूळ योजनेत नव्हते, हे त्यांनी आपल्या मृतदेहाशेजारी लिहवून घ्यावे, यातला विरोधाभास त्यांच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे. मनुष्याच्या स्वतंत्र इच्छेकडे पापाचे मूळ नेण्याचा हा प्रयत्न पुढे संत ऑगस्टीन यांच्या चिंतनात ज्या उंचीवर पोहोचला तेथे अर्थातच पोहोचलेला नाही. अंतःकरणे मुळात अवज्ञा का करू शकली, याचे उत्तर मंत्र देत नाही. पण प्रश्न नेमका कोठे ठेवायचा हे त्याला उमगले आहे.

निजलेला मेंढपाळ, जागा मेंढपाळ

निर्मात्याची बाजू ज्याला पटली नाही असा एक आवाजही इजिप्तच्या साहित्यात नोंदला गेला आहे. नेदरलँड्समधील लायडन येथील संग्रहालयाने १८२८ मध्ये मिळवलेल्या एका पपायरसवर 'इपुवेर' नावाच्या ज्ञात्याचे दीर्घ विलापकाव्य आहे. हस्तलिखित ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकाच्या सुमाराचे आहे, मूळ रचना त्याहून कित्येक शतके जुनी. देश उलटापालटा झाला आहे, दासी दागिने घालून मिरवत आहेत, धनिकांच्या घरी अन्न नाही, मृतांना पुरायला कोणी नाही, असे एकामागून एक वर्णन येते. त्यात नदी रक्त झाल्याचा उल्लेख असल्याने हा पपायरस म्हणजे निर्गमातील दहा पीडांचा इजिप्ती पुरावा होय, असे सांगणारे लेख व चित्रफिती आपल्या लोकांमध्येही अधूनमधून फिरत असतात. तज्ज्ञांपैकी बहुतेकांना ते मान्य नाही. काव्याचा काळ, त्यातील आपत्तींचे स्वरूप आणि त्याचा हेतू ही सर्व निराळी आहेत. अशा घाईच्या जुळवाजुळवीने पवित्र शास्त्राचे बळ वाढत नाही, आणि इपुवेर जे खरोखर म्हणतो आहे ते मात्र आपल्या कानावरून निसटते.

तो म्हणतो ते असे. लोक त्याला सर्वांचा मेंढपाळ म्हणतात, त्याच्या मनात काही वाईट नाही असे सांगतात. मग कळप एवढा विरळ का झाला? पहिल्याच पिढीत त्याने माणसांचा स्वभाव ओळखला असता, तर दुष्टाव्याचे बीज तेव्हाच चिरडता आले असते. आज तो कोठे आहे? झोपला आहे काय? त्याचे सामर्थ्य तर कोठे दिसत नाही. या ओळी राजाला उद्देशून आहेत की निर्मात्याला, याविषयी मतभेद आहेत. जर्मन अभ्यासक एबरहार्ड ओटो यांनी १९५१ मध्ये या प्रकाराला 'देवावरील ठपका' असे नाव दिले आणि तेव्हापासून ही चर्चा चालू आहे. पहिल्या पिढीचा उल्लेख पाहता रोख निर्मात्याकडेच असावा, असे मला वाटते. स्तोत्रकर्ताही परमेश्वराला जागे होण्याची विनवणी करतो (स्तोत्र ४४), हे वाचकांना आठवेल.

याच मेंढपाळाच्या प्रतिमेचा दुसरा पैलू 'मेरिकारेला उपदेश' या ग्रंथात दिसतो. ख्रिस्तपूर्व एकविसाव्या शतकात, देश दुभंगलेला असताना, एक वृद्ध राजा आपला मुलगा मेरिकारे याला राज्य कसे करावे ते सांगतो आहे, अशी त्याची मांडणी आहे. उपलब्ध प्रती मात्र पाच-सहाशे वर्षे उशिराच्या असून त्यांतील मुख्य प्रत रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे आहे. शेवटाजवळ राजकारण बाजूला पडते आणि बाप मुलाला देवाविषयी सांगू लागतो. माणसे ही देवाची गुरे आहेत आणि तो त्यांची नीट काळजी घेतो. आकाश व पृथ्वी त्याने त्यांच्यासाठी घडवली, पाण्याचा हावरेपणा मागे हटवला, त्यांच्या नाकपुड्यांसाठी श्वास निर्माण केला. ती त्याच्या देहातून आलेली त्याची प्रतिरूपे आहेत. वनस्पती, गुरे, पक्षी, मासे हे सारे त्यांच्या पोटासाठी. त्याने त्यांच्याभोवती आपले देवालय उभारले आहे, आणि ती रडतात तेव्हा तो ऐकतो.

मघाशी आपण पाहिले की माणसे अश्रूंपासून झाली. येथे ते अश्रू पुन्हा येतात, आणि आता निर्माता त्यांचा आवाज ऐकणारा आहे. देवाचे प्रतिरूप हा शब्द इजिप्तमध्ये सामान्यतः राजापुरता राखलेला असे. एक राजा आपल्या मुलाला सांगताना तो सर्व माणसांना लावतो, ही गोष्ट लहान नव्हे. दुष्टाव्याच्या प्रश्नालाही तो बगल देत नाही. देवाने बंडखोरांना मारले, पण ते एखादा बाप एका मुलासाठी दुसऱ्या मुलाला मारतो तसे. आणि जे घडायचे ते टळत नसेल, तर निदान त्याचा घाव परतवता यावा म्हणून माणसांच्या हाती त्याने मंत्रशक्तीचे शस्त्र दिले. शासकही त्याने दुबळ्यांच्या पाठीला आधार म्हणूनच निर्माण केले. याच ग्रंथात अन्यत्र म्हटले आहे की अन्याय करणाऱ्याच्या बैलापेक्षा सरळ मनाच्या माणसाचे शील देवाला अधिक आवडते. होशेय आणि आमोस हे संदेष्टे अर्पणांविषयी जे कठोरपणे बोलले, त्याच्या कित्येक शतके आधीचे हे बोल आहेत.

थकलेला देव

इपुवेर म्हणतो तसे 'पहिल्याच पिढीत' दुष्टाव्याचा नायनाट केला असता तर काय झाले असते? त्याचे उत्तर वाटावे अशी एक कथा आहे. तुतांखामुनच्या सोनेरी देव्हाऱ्यावर आणि सेती पहिला याच्या कबरीत ती कोरलेली असून 'स्वर्गीय गायीचा ग्रंथ' या नावाने अभ्यासक तिला ओळखतात.

रे देव म्हातारा झाला आहे. त्याची हाडे चांदीची, देह सोन्याचा आणि केस नीलमण्याचे झाले आहेत. माणसे त्याच्याविरुद्ध कट करू लागतात. तो ज्येष्ठ देवांना गुपचूप बोलावून सल्ला विचारतो आणि आपला 'डोळा' हाथोर देवीच्या रूपाने पाठवतो. वाळवंटात पळालेल्या माणसांची ती कत्तल करते आणि तिला रक्ताची चटक लागते. आता रे देवालाच माणसांना वाचवावे लागते. एका रात्रीत बिअरचे ७००० रांजण तयार करवून, त्यात तांबडी गेरू मिसळून तो शेतांत ओततो. सकाळी देवीला ते रक्त वाटते, ती पिऊन धुंद होते आणि माणसांना ओळखेनाशी होते. उरलेली मानवजात वाचते.

बिअरचा भाग ऐकून हसू येते. ते येऊ नये असे मुळीच नाही. परंतु पुढचा भाग विषण्ण करणारा आहे. माणसांना वाचवूनही निर्मात्याचे मन त्यांच्या सहवासाला कंटाळले आहे. तो गायीचे रूप घेतलेल्या नूतच्या पाठीवर बसून आकाशात निघून जातो. पृथ्वीवर अंधार पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे धनुष्ये घेऊन एकमेकांवर चालून जातात, तीही देवाच्या शत्रूंना मारण्याच्या नावाखाली. देव दूर का गेला आणि माणूस माणसाला का मारू लागला, या दोन्ही प्रश्नांना ही कथा एकत्रच उत्तर देते. नोहाच्या वृत्तांतातही देव पश्चात्ताप पावतो, पण शेवटी तो धनुष्य मेघांत ठेवून करार करतो. येथे करार नाही, अंतर आहे.

पुत्रासाठी रडणारा चित्रकार

आखेनातेन राजाच्या (ख्रिस्तपूर्व १३५३ ते १३३६ च्या सुमारास) आतेन-स्तोत्राविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. अमार्ना येथे आय नामक अधिकाऱ्याच्या कबरीतील या स्तोत्राचे स्तोत्र १०४ शी असलेले साम्य सुप्रसिद्ध आहे. अंड्यातील पिलापासून समुद्रातील नौकांपर्यंत सर्वांना जगवणाऱ्या एकमेव सूर्याचे ते गान आहे. ते सुंदर आहे यात शंका नाही. तथापि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले तर ते मुके आहे. आतेनला कोणी जाब विचारत नाही, आणि तोही काही बोलत नाही. त्याच्या प्रकाशात रडणाऱ्या माणसाला जागा नाही. आखेनातेननंतर लोकांनी त्याला इतक्या लवकर का सोडले, याचे एक कारण येथे असावे.

त्याउलट त्यानंतरच्या शतकातील एक लहानसा चुनखडीचा फलक पाहा. तो बर्लिनच्या संग्रहालयात आहे. राजांच्या कबरी रंगवणाऱ्या कारागिरांच्या वस्तीत, आज देर अल-मदीना म्हणतात तेथे, नेब्रे नावाचा एक चित्रकार राहत होता. त्याचा मुलगा नख्तामुन आमुन देवाच्या गायीसंबंधीच्या काही अपराधामुळे मरणाच्या दारी पोहोचला होता. बापाने नवस केला, मुलगा वाचला, आणि बापाने फलक लावला. त्यावर तो लिहितो की सेवकाने चुका करणे हे नेहमीचेच, तसेच स्वामीने क्षमा करणेही नेहमीचेच. थेबेसचा स्वामी दिवसभर रागात राहत नाही, त्याचा राग क्षणात ओसरतो. गरिबाच्या हाकेला तो धावून येतो.

हा आमुन त्या काळी साऱ्या विश्वाचा निर्माता मानला जात होता. रामसेस दुसरा याच्या काळातील लायडनच्या एका पपायरसमध्ये सर्व देव तीनच आहेत, आमुन, रे व प्ताह, असे म्हणून लगेच त्यांना एकाच देवाचे गुप्त नाव, मुख आणि देह म्हटले आहे. त्यात पवित्र त्रैक्याची पूर्वखूण शोधण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा हे बरे. तो एक वेगळा विचार आहे, आणि त्याचे महत्त्व त्याच्या जागी आहे. एवढ्या गूढ, एवढ्या अफाट देवाला एक चित्रकार आपल्या आजारी मुलासाठी हाक मारू शकत होता, हे मला अधिक मोलाचे वाटते.

त्याच सुमारास रचल्या गेलेल्या आमेनेमोपेच्या उपदेशात निर्माता शेजाऱ्यांच्या वागणुकीत उतरतो. तीस अध्यायांचा हा ग्रंथ वॉलिस बज यांनी १८८८ मध्ये ब्रिटिश म्युझियमसाठी मिळवला. आडोल्फ एर्मान यांनी १९२४ मध्ये नीतिसूत्रे २२:१७ पासूनच्या वचनांशी त्याचे नाते दाखवून दिले, आणि ते आज कॅथलिक अभ्यासकांनाही मान्य आहे. पंचविसाव्या अध्यायात आमेनेमोपे बजावतो की आंधळ्याला हसू नये, ठेंगण्याची चेष्टा करू नये, लंगड्याची वाट अडवू नये. कारण माणूस चिखल आणि गवताचा काडीकचरा आहे आणि देव त्याचा बांधणारा. तो रोज पाडतो आणि रोज बांधतो. इजिप्तमधील घरे अशाच चिखल-काडीच्या कच्च्या विटांची असत. इस्राएली लोकांना गवत न देता ज्या विटा थापायला लावल्या, त्याच या विटा. हसणारा आणि ज्याला हसले जाते तो, दोघे एकाच मातीचे आहेत.

राहता राहिला शेवट. ब्रिटिश म्युझियममधील आनी नावाच्या लेखनिकाच्या 'मृतांच्या ग्रंथा'त, ख्रिस्तपूर्व १२५० च्या सुमारास, १७५ वा मंत्र येतो. त्याचा आरंभ पुन्हा गाऱ्हाण्यानेच होतो. नूतच्या मुलांनी युद्ध पेटवले, कलह माजवला, कत्तल केली, जे मोठे होते ते लहान करून टाकले. आता त्यांचे काय करावे? त्यांची वर्षे कमी करावीत, असे ठरते. त्यानंतर ओसिरिस, जो स्वतः खून होऊन मृतांच्या देशात आला आहे, आतुमपाशी तक्रार करतो. हा कसला देश आहे? येथे पाणी नाही, वारा नाही, अथांग खोली आणि काळोख तेवढा. आतुम उत्तर देतो की पाणी, वारा आणि सुखोपभोग यांच्या जागी तुला तेजोमय अस्तित्व दिले आहे, भाकरी आणि बिअर यांच्या जागी मनाची शांती.

ओसिरिस पुढे विचारतो की माझे आयुष्य किती? कोट्यवधी वर्षे, असे उत्तर येते. आणि त्यानंतर आतुम त्याला सांगतो की आपण जे जे निर्माण केले ते सर्व आपण एक दिवस मोडून टाकू. पृथ्वी पुन्हा प्रारंभीच्या पाण्यात विरून जाईल. उरतील ते दोघे, निर्माता आणि ज्याचा अन्यायाने बळी गेला तो, माणसांना ठाऊक नसलेल्या आणि देवांनाही न दिसणाऱ्या सर्पाच्या रूपात, त्या पाण्यात एकत्र.